छत्तीस मावणारी पेटी

मोएमोन पेटीवाल्याशी भांडण टाळायचं असेल तर एकच उपाय होता. त्याच्या पेट्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. वाईट बोललात तर तो रंधा खाली ठेवून अंगावर यायचा, आणि चांगलं बोललात तरी सुटका नव्हती. "तुला काय कळतंय त्यातलं, सोबावाल्या? तू आपलं पीठ तिंब." माझं सोबाचं दुकान, म्हणजे कुट्टूच्या शेवया आणि गरम रस्सा, त्याच्या दारासमोरच. मधली गल्ली इतकी अरुंद की लादलेला घोडा आला की आम्हा दोघांपैकी एकाला आत व्हावं लागायचं, आणि इतकी वर्षं मीच आत होत आलो. त्यामुळे त्याच्याविषयी मी फार लाडानं बोलेन अशी अपेक्षा कोणी करू नये.

पण पेट्या करायचा तो खरा. तांदळाच्या पेट्या, हलक्या किरी लाकडाच्या, एकही खिळा नाही, झाकण सोडलं की स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली बसायचं. तळ चौरस आणि अंगानं उभी. आमच्या पंचक्रोशीत पेटी म्हणजे उभीच. कोपऱ्यात जागा कमी खाते आणि उंदराला चढता येत नाही. कोणी परगावच्या गिऱ्हाईकानं जरा रुंद, बसकी पेटी मागितली की मोएमोन म्हणायचा, "परात हवी असेल तर कुंभाराकडे जा." गिऱ्हाईक जायचं. ओशिगे, त्याची बायको, कपाळाला हात लावायची. आमच्या जोशू भागात बायका रेशमाचे किडे पाळतात आणि घर त्याच्यावर चालतं, त्यामुळे बायकांना बोलायचा हक्क आहे आणि त्या तो वापरतात. "तुमच्या त्या रंध्यापेक्षा माझे किडे जास्त कमावतात," असं ती त्याला भर गल्लीत सुनवायची. तो मूग गिळून गप्प बसायचा. साऱ्या गावात त्याला गप्प बसवणारी ती एकटीच होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा तोकुजी. शांत, लांब बोटांचा, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारा. बापाच्या हाताखाली काम करायचा, आणि शेतं गोठली, आकागी डोंगरावरून वारा सुटला, की सुगाया गुरुजींकडे गणिताला जायचा. मीही जायचो. आमच्याकडे हिवाळ्यात पुरुषांना दोनच उद्योग, फासे नाही तर गणित. फाशांनी घर बुडतं, गणितानं नुसतं डोकं फिरतं, म्हणून आमच्या बायका गणिताला हरकत घेत नाहीत.

मोएमोनची मात्र हरकत होती. "पेटी मोजायला हात आहेत. काड्या कशाला हव्यात?" काड्या म्हणजे आमच्या गणिताच्या काड्या, बोटभर लांबीच्या, लाल आणि काळ्या. लाल त्या मिळवायच्या, काळ्या त्या वजा करायच्या, चौकटी आखलेल्या कापडावर ओळींनी मांडायच्या आणि सरकवत न्यायच्या. बापलेक दिवसभर एका छपराखाली असायचे आणि बोलायचे एवढंच: "धर." "सोड." "वाकडं झालं." आता यातलं प्रेम कोणाला दिसलं असेल तर त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली म्हणायची.

गोवराची साथ आली त्या वसंतात तोकुजी गेला. एकोणीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी गुरुजींना साठ वर्षं पूर्ण होत होती. आमच्याकडे रीत आहे: गणित चांगलं जमलं की ते मोठ्या लाकडी पाटीवर रंगवून देवळाच्या ओवरीत टांगायचं. देवाचे आभार मानले जातात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आव्हानही मिळतं, की बघ बाबा, तुला सुटतं का. गुरुजींच्या साठीची म्हणून आम्ही शिष्य पाटी टांगणार होतो, पाच जणांची पाच गणितं. तोकुजीनं आपलं गणित आजारी पडायच्या आधीच गुरुजींकडे दिलेलं होतं. गुरुजी म्हणाले, "ते राहील. नावासकट राहील." शरदाच्या जत्रेला पाटी टांगली. डावीकडचा शेवटचा कोपरा तोकुजीचा. तांबड्या रंगात एक उभी पेटी काढलेली आणि तिच्याखाली चार ओळी:

"चौरस तळाची पेटी आहे. तळाची बाजू आणि उंची मिळून सात. आत मावतं छत्तीस. उंची किती? उत्तर: चार. पेटीवाला मोएमोन याचा मुलगा तोकुजी."

म्हणजे बाजू तीन. तीन त्रिक नऊ, नऊ चोक छत्तीस. तोंडी पटतं, पण शोधून काढायचं असेल तर बाजू म्हणजे सातातून उंची वजा, ती दोनदा गुणायची, वर पुन्हा उंचीनं गुणायची. तीनदा गुणाकार आला की घनाचं समीकरण होतं, आणि तिथं आमच्यातले निम्मे घसरतात. पाटीवरचं सर्वात सोपं गणित होतं ते, पण नीटस होतं. अगदी त्याच्या बापाच्या पेटीसारखं.

ओशिगेला वाचता येत नव्हतं. दर पंधरवड्याला ती देवळात जायची, तांबडी पेटी शोधायची, तिच्याखाली भाताचा मुटका ठेवायची आणि दोन्ही हात जोडून काहीतरी पुटपुटायची. पुजाऱ्यानं एकदा तिला सांगितलं, "बाई, ही गणिताची पाटी आहे, थडगं नाही." ती म्हणाली, "थडग्यावर त्याचं नाव भटजींनी लिहिलंय. इथलं त्यानं मिळवलंय."

मोएमोन कधी गेला नाही. पण हिवाळा लागला, वारा सुटला, आणि एके दुपारी गुरुजींच्या ओसरीवर तो येऊन उभा राहिला. आम्ही सगळे काड्या मांडून बसलेलो. पन्नाशीचा माणूस, डोक्याला फडकं, कानामागे फळीवर रेघ मारायच्या शाईच्या दोरीची खुंटी.

"पोरानं काय लिहिलंय ते मला वाचायचंय," तो म्हणाला.

गुरुजी म्हणाले, "मी वाचून दाखवतो, बसा."

"वाचून नको. करून."

तो संपूर्ण हिवाळा आम्ही त्याची गंमत बघितली, हे कबूल करायला हवं. रंगाऱ्याचा कोसुके तर तोंडाला रुमाल लावून बसायचा. मोएमोनचा अंगठा काडीपेक्षा जाड, एक काडी उचलायला गेला की तीन उचलायचा. गुरुजींनी दिलेलं प्रत्येक गणित तो पेटीतच घालायचा. "दोन म्हाताऱ्यांना सतरा पीचची फळं," असं आलं की विचारायचा, "पेटी केवढी?" मी एकदा म्हणालो, "अहो मोएमोनबुवा, या जन्मी राहू द्या, पुढच्या जन्मी लवकर सुरू करा." त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं आम्ही म्हणत होतो आणि पाणी हळूहळू आत चाललं होतं.

थंडी ओसरायला लागली तेव्हा गुरुजी म्हणाले, "आज तोकुजीचं गणित घ्या." मोएमोननं हात अंगरख्याला पुसले आणि कापडावर काड्या मांडल्या. वरच्या ओळीत छत्तीस, खाली एकोणपन्नास, त्याखाली चौदा, सर्वात खाली एक, ज्याचा त्याचा रंग लावून. "उत्तर ठाऊकच आहे," गुरुजी म्हणाले, "चार घालून खालून वर चला." तो चालला. चौदाचे दहा झाले. एकोणपन्नासचे नऊ झाले. आणि वरच्या ओळीतल्या छत्तीसच्या काळ्या काड्या एकेक करून निघून गेल्या, ओळ कोरी झाली. चार हे बरोबर उत्तर. मोएमोन कोऱ्या ओळीकडे बघत राहिला, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब कापडावर पडला. कोसुकेनं रुमाल खाली घेतला.

"झालं," गुरुजी हळूच म्हणाले. "पोरगं हुशार होतं तुमचं. काड्या गोळा करा."

वरची ओळ कोरी झाली की उत्तर आलं, आणि उत्तर आलं की उरलेल्या काड्या डब्यात. आम्ही जन्मभर हेच करत आलो. मोएमोननं कापडावर हात आडवा धरला.

"हे उरलंय त्याचं काय?"

"ते उरतंच. त्याचा काही उपयोग नाही."

"पेटी झाली की उरलेली फळी मी फेकत नाही. पोरानं कापलंय ते सगळं बघायचंय मला."

गुरुजी हसले. म्हातारे होते पण शिकवायचा कंटाळा त्यांना कधी आला नाही. "बरं, बघा. चाराचा तुकडा कापून काढला, राहिलं काय? एक, दहा आणि नऊ. आता हा राहिलेला तुकडासुद्धा फोडता येतो. ज्यांचा गुणाकार नऊ आणि बेरीज दहा असे दोन आकडे शोधा. एक आणि..."

ते थांबले. उचललेली काडी हातातच राहिली.

"एक आणि नऊ," मोएमोन म्हणाला. त्याला कोण आनंद झाला होता, पहिल्यांदाच काहीतरी आपसूक आलं होतं. "बरोबर ना?"

मी मनात करून पाहिलं. उंची नऊ धरली तर बाजू सातातून नऊ, उणे दोन. असली पेटी भुतांच्या बाजारात मिळेल, ती सोडून देऊ. पण उंची एक? मग बाजू सहा. सहा आणि एक सात. सहा सक छत्तीस, एके छत्तीस.

"अरे, ही पण मावते की!" कोसुके ओरडला, आणि लगेच जीभ चावली.

आमच्या परंपरेत दोन उत्तरं देणाऱ्या गणिताला रोगी म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्यानं तो असा विचारायचा की उत्तर एकच यावं. दोन आली तर त्याला प्रश्नच विचारता येत नाही, असा अर्थ होतो. उत्तर चुकलं तर लोक हसतात आणि विसरतात. गणित रोगी निघालं की विसरत नाहीत. आणि हे साधंसुधं रोगी नव्हतं, पोरंसोरं बोटांवर करून बघतील इतकं उघडं होतं.

"म्हणजे पोराचं चुकलं," मोएमोन म्हणाला. आनंद अजून पुरता उतरला नव्हता त्याच्या चेहऱ्यावरून, त्यामुळे ते बघणं फार वाईट होतं.

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. "त्याच्या दिवसांचं जेवण जेवून आलो आणि त्याच संध्याकाळी तपासायला घेतलं. चार घालून पाहिला, जमला. पुढं मला काही दिसेचना. डोळे पुसले आणि बरोबर म्हणून ठेवून दिलं."

एवढ्यावरच भागलं असतं तर आम्ही अळीमिळी गुपचिळी केली असती. पण एदो शहराहून कुरामित्सु नावाचे गणिती निघाले होते, देवळादेवळांतून पाट्यांवरची गणितं लिहून घेत. हे गृहस्थ ती गणितं छापतात, देशभर ते पुस्तक जातं, आणि गणित रोगी असलं तर तसं खाली छापून मोकळे होतात. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका वैद्याचं गणित त्यांनी तसं छापलं, तर लोक त्याच्याकडे औषधाला जाईनात. म्हणे स्वतःचं गणित रोगी, हा आम्हाला काय बरं करणार. तुतीला कोंब फुटायच्या सुमारास ते आमच्याकडे येणार होते.

गुरुजींनी दोन दिवस विचार केला आणि मोएमोनला बोलावलं. मी होतो तिथं. ते म्हणाले, "नुसते तीन शब्द घातले तरी ते गणित बरं होईल. 'उंची बाजूपेक्षा जास्त', बस. पण रंगवलेल्या पाटीत मागाहून घुसडलेले शब्द त्या माणसाच्या नजरेतून सुटणार नाहीत. त्यापेक्षा असं करू. ओवरी गळते असं सांगून पाटी उतरवू. तेवढा कोपरा तुम्ही रंधून काढा. मी तिथं माझं एक गणित देतो, तीन वर्तुळांचं, चांगलं कठीण आहे. नाव तोकुजीचंच राहील, आणि एदोच्या पुस्तकातही जाईल."

आम्ही सगळ्या शिष्यांनी माना डोलावल्या. शाळेची अब्रू वाचत होती, पोराचं नाव होत होतं. मलाही तो निवाडा चोख वाटला.

"विचार करतो," मोएमोन म्हणाला.

गल्ली अरुंद, भिंती कागदाच्या. त्या दिवशी समोरच्या घरात जे झालं ते मी कान न लावताही ऐकलं.

"यात विचार कसला करायचाय?" ओशिगेचा आवाज. "गुरुजी स्वतःच्या पदरचं देतायत!"

"नाव त्याचं आणि गणित दुसऱ्याचं?"

"असू दे दुसऱ्याचं! मला वाचता येतंय थोडंच? नाव राहू दे त्याचं, एवढंच म्हणतेय मी. वंशाला दुसरं काय उरलंय आपल्या? जिवंतपणी एक चांगला शब्द दिला नाहीत त्याला, मेल्यावर तरी आड येऊ नका!"

मग रंध्याचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ चालला. मला वाटलं, चला, पात्याला धार लावून झाली, उद्या पाटी उतरेल.

दुसऱ्या दुपारी मोएमोन माझ्या दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही काखेत लहान मापाच्या दोन पेट्या, झाकण नसलेल्या.

"कुट्टू दे थोडा. खाणार नाही, परत देतो."

मी थैली पुढे केली. एक पेटी उभी, तीन बोटं बाजू आणि चार उंची. ती त्यानं काठोकाठ भरली, वरून पट्टी फिरवली. दुसरी बसकी, सहा रुंद आणि एक उंच. अशी पेटी त्याच्या हातची मी कधी पाहिली नव्हती. उभी पेटी तिच्यात ओतली. दाणे पसरले, त्यानं कडेनं दोनदा ठोकलं, पट्टी फिरवली. एक दाणा वर आला नाही, एक कमी पडला नाही.

"मावलं," तो म्हणाला. "बघ सोबावाल्या. सगळं मावलं."

"दिसतंय मला," मी म्हणालो.

"माझ्याकडे पेटी म्हणजे उभी. तो तेच बघत वाढला. 'उंची जास्त' असं सांगावं लागतं, हे त्याला कळणार कुठून?"

तेवढ्यात ओशिगे आली. त्याला शोधतच आली असणार, भांडण अर्धं राहिलं होतं. दारातून दोन पावलं आत टाकली आणि तिला ती बसकी पेटी दिसली. तिचा चेहरा असा उतरला की मी बाकडं पुढे सरकवलं.

"ही कुठून काढलीत?"

"आत्ता केली."

"अशीच होती त्याची."

"कोणाची?"

"तोकुजीची. बारा वर्षांचा होता. तुम्ही बाजाराला गेलात तेव्हा उरल्यासुरल्या फळ्यांची केली होती, माझ्यासाठी. किड्यांना तुतीची पानं पसरायला. केवढा फुगला होता दाखवताना. तुम्ही आलात, म्हणालात, ही पेटी आहे की परात? आणि चुलीत घातलीत." ती बसली नाही. "त्याच्यादेखत घातलीत."

मोएमोन तिच्याकडे बघत राहिला. त्याला आठवत नव्हतं. ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला वाटतं तिला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं. त्यानं केलेलं तिनं इतकी वर्षं गिळलं होतं. तो ते विसरला, हे तिला गिळता येईना. ती वळली आणि निघून गेली.

तो बराच वेळ कुट्टूच्या दाण्यांवरून हात फिरवत बसला.

"म्हणून त्यानं उत्तरात एक लिहिला नाही," शेवटी म्हणाला. "त्याला माहीत होता."

खरंच माहीत होता का, कोण सांगणार? पोरानं चार शोधला, ओळ कोरी झाली, काड्या डब्यात टाकल्या, जसं आम्ही सगळे टाकतो. एवढंही असू शकतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझं हे आगाऊ तोंड मला आयुष्यभर पुरलंय, पण त्या दिवशी ते चालेना.

त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोललेली मी ऐकली नाहीत. ती त्याला जेवायला वाढायची, ताट ठेवल्याचा आवाज यायचा, बास. गुरुजींनी दोनदा निरोप पाठवला. मोएमोन पाटी उतरवायला गेला नाही. कोसुके माझ्याकडे येऊन आरडाओरडा करून गेला, "एका हट्टी म्हाताऱ्यापायी साऱ्या शाळेच्या तोंडाला काळं फासणार हा!" मी म्हणालो, मला काय सांगतोस, समोर जा. समोर जायची हिंमत कोणाचीच नव्हती.

कुरामित्सु आले तेव्हा वारा असा सुटला होता की देवळाच्या पायऱ्यांवर टोप्या धरून चढावं लागत होतं. बारीक चणीचा माणूस, सर्दी झालेली, सारखं नाक पुसत होता. बरोबर लिहून घेणारा एक शिष्य. आम्ही सगळे ओवरीत रांगेनं उभे, पुढं गुरुजी. बायकाही आल्या होत्या, मागं खांबांपाशी. एदोचा माणूस रोज रोज कुठं बघायला मिळतो. ओशिगे त्यांच्यात होती. मोएमोन दुसऱ्या बाजूला, एकटा.

पहिल्या गणिताला कुरामित्सुंनी मान डोलावली. दुसऱ्याला "हं" म्हणाले. तिसरं माझं होतं, त्यावर काही म्हणाले नाहीत. चौथं शिष्यानं लिहून घेतलं. मग ते डाव्या कोपऱ्याशी गेले, वाचलं, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला जे हसू आलं ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

"हे कोणाचं?"

"ते खरं म्हणजे माझं..." गुरुजींनी सुरुवात केली. सगळं स्वतःवर घ्यायला निघाले होते.

"माझ्या मुलाचं," मोएमोन पुढे येऊन म्हणाला. "नाव लिहिलंय खाली. याला दोन उत्तरं आहेत. चार आणि एक."

कुरामित्सुंनी नाक पुसायचं थांबवलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. मग पाटीवर एकच का?"

"दुसरंही त्यानंच काढलं होतं. बारा वर्षांचा असताना. काड्यांनी नाही, लाकडात. सहा रुंद, एक उंच. माझ्या हातात आणून दिलं." मोएमोनला वाक्यं लांब करायची सवय नव्हती, एकेक शब्द तो दगड उचलावा तसा उचलत होता. "मी ते चुलीत घातलं. आता मुलगा नाही."

ओवरीतल्या सगळ्या पाट्या वाऱ्यानं भिंतीवर खडखडत होत्या.

"वाईट झालं," कुरामित्सु म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "पण रोगी ते रोगीच. आणि जे गेले त्यांची लाज मी छापत नाही." त्यांनी शिष्याकडे बघितलं. "हे राहू दे. पहिली चार गणितंच घे."

शिष्यानं वही मिटली. म्हणजे संपलं. पुस्तक देशभर जाणार, आणि तोकुजीचं नाव त्यात नसणार. ना मानानं, ना अपमानानं. तीन वर्तुळं घेतली असती तर असतं. गुरुजींची मान खाली गेली. कोसुके माझ्या कानाशी म्हणाला, "स्वतःच्या हातानं पुसलं पोराला." आणि मग सगळेच मोएमोनकडे बघायला लागले, गावकरी, पुजारी, एदोची माणसं. आपल्या पोराची पेटी त्याच्यादेखत जाळणारा बाप असा कसा दिसतो, ते बघत होते. तो बघू देत होता. हात दोन्हीकडे सुटलेले, जसं काही त्याला हेच हवं होतं.

"थंडी फार होती त्या दिवशी."

ओशिगेचा आवाज. खांबापासून ती पुढे आली होती. एदोच्या माणसाकडे बघून बोलत होती, नवऱ्याकडे नाही.

"तुम्हाला आमच्या इकडची थंडी माहीत नाही, महाराज. पोर गारठलं होतं. घरात जाळायला दुसरं लाकूड नव्हतं. म्हणून घातली ती पेटी त्यांनी."

पेटीवाल्याच्या घरात लाकूड नव्हतं! ज्याच्या अंगणात किरीच्या फळ्यांच्या थप्प्या लागलेल्या, ज्याच्या रंध्याखालच्या साली आम्ही सगळे चूल पेटवायला मागून न्यायचो, त्याच्या घरात. मोएमोननं तिच्याकडे बघितलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. ओवरीत इतकी माणसं होती, सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि कोणी हसलं नाही.

"हो, आठवतंय मला," मी म्हणालो. "फार थंडी होती त्या वर्षी."

"विहीर गोठली होती," कोसुके म्हणाला.

"गोठली होती ना," गुरुजी म्हणाले, आणि मग पुजारीही त्या थंडीबद्दल बोलायला लागला.